सूर्याहून आलेल्या चुंबकीय दोराचा पीळ कसा मोजायचा

चुंबकीय मेघ यानावरून पार व्हायला साधारण एक दिवस घेतो. त्या दिवसात मॅग्नेटोमीटरला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राला, दिसते ते इतकेच: क्षेत्राची तीव्रता नेहमीच्या ५ नॅनोटेस्लावरून १५-२० किंवा त्याहून वर चढते, आणि त्याची दिशा घाई न करता, एकाच बाजूला वळत जाते. हे वळणे म्हणजेच पीळ. सूर्यावरून सुटलेल्या प्लाझ्मासोबत (विद्युतभारित कणांच्या वायूसोबत) दोरासारखे वळलेले चुंबकीय क्षेत्र आपल्या अंगावरून जात असते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात तेव्हा क्षेत्राची ऊर्जा उष्णता आणि वेगाच्या रूपात खर्च होते, पण रेषांचा एकमेकींभोवतीचा एकूण गुंता, ज्याला हेलिसिटी म्हणतात, जवळजवळ तेवढाच राहतो. वोल्टियर यांनी १९५८ मध्ये आदर्श प्लाझ्मासाठी हे गणिताने दाखवले. त्यामुळे सूर्यावर साठलेला पीळ तिथल्या तिथे विरून जात नाही. तो बाहेर टाकण्याचा मोठा मार्ग म्हणजे हे मेघ. पंधरा कोटी किलोमीटरवर आपण जो पीळ मोजतो, तो ज्या भागातून दोर सुटला त्या भागाची खूण घेऊन आलेला असतो.

हा लेख त्या मोजमापाच्या पायऱ्यांबद्दल आहे. पायथनची जुजबी ओळख आणि सदिशांचे गणित येत असेल, तर उघड उपलब्ध विदेवर (डेटावर) हे सगळे घरबसल्या करता येते.

काय खात्रीने कळते आणि काय नाही

एक यान दोरातून एकच रेषा आखत जाते. सुतळीच्या गुंडाळीत सुई आरपार घालावी आणि सुईला जे लागले त्यावरून सगळी गुंडाळी ओळखावी, असा हा प्रकार आहे. म्हणून उत्तरांची प्रतवारी सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. पीळ उजवा की डावा, हे सर्वांत खात्रीचे. अक्षाची दिशा त्यानंतर, काही अंशांच्या चुकीसह. जाडी, चुंबकीय प्रवाह (फ्लक्स), वेढ्यांची संख्या आणि हेलिसिटी हे आकडे मात्र तुम्ही कोणते प्रतिमान (मॉडेल) मानता त्यावर हलतात. पुष्कळ जण थेट शेवटच्या आकड्याकडे धावतात. मी म्हणेन, आधी चिन्ह पक्के करा. चिन्ह चुकले तर पुढचा प्रत्येक आकडा चुकीच्या दोराचा ठरतो.

पहिली पायरी: स्वतःचा दोर वळून पाहा

खऱ्या विदेला हात लावण्याआधी संगणकात एक कृत्रिम दोर तयार करा. ही पायरी गाळू नका. सूर्याकडची दिशा धन की ऋण, अक्षाची बाजू कोणती, सदिश गुणाकाराचा क्रम कोणता, असल्या बारीक गोष्टींत चिन्ह उलटते आणि आलेख तरीही देखणाच दिसतो.

सर्वांत सोपे प्रतिमान लुंडक्विस्ट यांच्या १९५० च्या उत्तरावर उभे आहे. दोर सरळ आणि गोल छेदाचा मानायचा. अक्षाच्या दिशेचा घटक म्हणजे मध्यावरची तीव्रता गुणिले शून्य क्रमाचे बेसेल फल, आणि अक्षाभोवती फिरणारा घटक म्हणजे तीच तीव्रता गुणिले पहिल्या क्रमाचे बेसेल फल. उजव्या पिळाला अधिक, डाव्याला उणे. त्रिज्येच्या दिशेचा घटक शून्य. फलाच्या आत २.४०५ गुणिले (अक्षापासूनचे अंतर भागिले त्रिज्या) ही किंमत घालायची, म्हणजे काठावर अक्षीय घटक बरोबर शून्य होतो आणि तिथे केवळ फिरणारा घटक उरतो, मध्याच्या साधारण ५२ टक्के तीव्रतेचा.

मध्यावरची तीव्रता २० नॅनोटेस्ला, वेग सेकंदाला ४५० किलोमीटर, काळ २४ तास आणि दर मिनिटाला एक नोंद घ्या. १,४४० ओळी मिळतील. त्यावर १-२ नॅनोटेस्लाची यादृच्छिक खळबळ मिसळा. पुढे लिहिलेली प्रत्येक रीत आधी या दोरावर चालवा आणि तुम्ही घातलेलाच अक्ष, तुम्ही घातलेलाच पीळ परत मिळतो का ते बघा.

दुसरी पायरी: विदा निवडणे आणि पाखडणे

नासाच्या सीडीएवेब या संग्रहात वाइंड (१९९४ पासून), एस (ACE, १९९७ पासून), स्टिरिओ, पार्कर सोलर प्रोब आणि सोलर ऑर्बिटर या यानांची मोजमापे खुली आहेत. आदित्य-एल१ जानेवारी २०२४ मध्ये आपल्या कक्षेत पोहोचले आणि त्याच्याही सहा मीटर लांब दांडीवर मॅग्नेटोमीटर आहे. पायथनमधून विदा थेट ओढून घ्यायला पायस्पेडास हे पॅकेज सोयीचे पडते.

यंत्र कसे काम करते हे थोडे माहीत असलेले बरे, कारण त्याची खोट पुढे पिळात उतरते. फ्लक्सगेट मॅग्नेटोमीटरमध्ये मऊ चुंबकीय गाभा आलटून पालटून दोन्ही दिशांना संपृक्त करतात. बाहेर क्षेत्र असेल तर ही हालचाल असमान होते आणि चालक वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेला संकेत उमटतो. तोच मोजायचा. पृथ्वीच्या पृष्ठभागावर क्षेत्र २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला असते. इथे आपल्याला ५ मोजायचे आहेत, तेही स्वतः चुंबकीय असलेल्या यानाच्या शेजारी बसून. म्हणून संवेदक लांब दांडीवर, आणि बहुधा दोन अंतरांवर दोन संवेदक. यानाचे स्वतःचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात झपाट्याने घटते, सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्यावरून सतत वाहणाऱ्या प्लाझ्माचे, क्षेत्र दोघांनाही सारखेच दिसते, आणि दोघांतल्या फरकातून यानाचा वाटा वेगळा काढता येतो.

यंत्राचे शून्यही हळूहळू सरकते. ते पकडण्याची युक्ती मला फार आवडते. सौरवाऱ्यातल्या, चुंबकीय रेषांवरून धावणाऱ्या आल्फव्हेन लहरींमध्ये क्षेत्राची दिशा हलते पण तीव्रता जवळपास स्थिर राहते. एखाद्या घटकाचे शून्य चुकले असेल तर दिशेबरोबर तीव्रताही खोटी डोलायला लागते. हे डोलणे कमीत कमी होईल अशी दुरुस्ती शोधली की शून्य सापडले. संग्रहातल्या अंतिम प्रतीच्या विदेत हे केलेले असते. तत्काळ प्रसारित होणाऱ्या विदेत ते पुरते झालेले नसते, म्हणून पिळाच्या मोजमापासाठी अंतिम प्रतच घ्या.

आता पाखडणे. हरवलेल्या नोंदींच्या जागी भरणीचे आकडे असतात: काही फायलींत ९९९९.९९, काहींत उणे १० चा ३१वा घात. यातला एक जरी आत राहिला तर सगळे गणित तो आपल्याकडे ओढून नेतो. दुसरे म्हणजे, ऑम्नी ही विदा सोयीची असली तरी ती अनेक यानांची मोजमापे पृथ्वीच्या धनुराघातापर्यंत (पृथ्वीसमोर सौरवारा अडतो तिथल्या आघातलहरीपर्यंत) वेळेत सरकवून जोडलेली असते. पिळासाठी एकाच यानाची मूळ मालिका वापरा.

अक्षव्यवस्थाही इथेच ठरवून टाका. पृथ्वीजवळच्या यानांसाठी जीएसई: एक्स सूर्याकडे, झेड क्रांतिवृत्ताच्या उत्तरेला, वाय संध्याकाळच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला. दूरच्या यानांसाठी आरटीएन: आर सूर्यापासून बाहेर, टी आणि एन त्याला काटकोनात. म्हणजे एकात एक्स जिकडे, दुसऱ्यात आर त्याच्या बरोबर उलट. दोन यानांची तुलना करताना चिन्ह सर्वांत जास्त वेळा इथेच उलटते.

तिसरी पायरी: मेघाच्या सीमा आखणे

बर्लागा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये व्हॉयेजर, हेलिऑस आणि आयएमपी-८ या यानांच्या नोंदी एकत्र ठेवून चुंबकीय मेघाची जी ओळख सांगितली ती आजही चालते: बळकट क्षेत्र, दिशेचे मोठ्या कोनातून सावकाश वळणे आणि थंड प्रोटॉन. तिन्ही एकाच वेळी हवीत.

थंड म्हणजे किती थंड? सौरवाऱ्याच्या वेगावरून त्याचे अपेक्षित तापमान काढता येते. ५०० किलोमीटरच्या आत वेग असेल तर ०.०३१ गुणिले वेग, त्यातून ५.१ वजा, त्याचा वर्ग, गुणिले १,००० केल्व्हिन. ४५० च्या वेगाला हे सुमारे ७८,००० केल्व्हिन येते. मोजलेले तापमान याच्या निम्म्याहून कमी असेल तर तो भाग संशयित धरा. त्याच्या जोडीला प्लाझ्मा बीटा, म्हणजे वायूचा दाब भागिले चुंबकीय दाब, काढा: ०.००००३४७ गुणिले घनता (दर घन सेंटिमीटर) गुणिले तापमान (केल्व्हिन) भागिले क्षेत्राचा (नॅनोटेस्ला) वर्ग. साध्या सौरवाऱ्यात घनता ५, तापमान एक लाख, क्षेत्र ५ धरले तर बीटा ०.७ येतो. मेघात तापमान ३०,००० आणि क्षेत्र २० धरले तर ०.०१३. इतका खाली गेलेला बीटा सांगतो की इथे वायूचा दाब गौण आहे, राज्य चुंबकाचे आहे. लुंडक्विस्टचे प्रतिमान वापरायला आपल्याला मुभा मिळते ती याच कारणाने.

हीलियमचे प्रमाण प्रोटॉनच्या ८ टक्क्यांवर गेले, किंवा वेगवान इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेच्या दोन्ही दिशांनी वाहताना दिसले, तर खात्री वाढते. दोन्हीकडून येणारे इलेक्ट्रॉन म्हणजे त्या रेषेची दोन्ही टोके अजून सूर्याला बांधलेली असण्याची खूण.

पुढे धावणाऱ्या आघातलहरीमागचा खळबळता, तापलेला पट्टा दोरात धरू नका. क्षेत्र तिथेही बळकट असते, म्हणून नवखा माणूस सीमा हमखास अलीकडे आखतो. आणि सीमा एकदाच आखून समाधान मानू नका. पुढची पायरी सीमा तासा-दोन तासांनी दोन्ही बाजूंना सरकवून पुन्हा पुन्हा करा. अक्ष दहा-पंधरा अंशांत फिरत राहिला तर ठीक. चाळीस अंश उडी मारू लागला तर दोर नीट सापडलेला नाही.

चौथी पायरी: अक्ष

न्यूनतम विचरणाची (व्हेरियन्सची) पद्धत सोनेरुप आणि केहिल यांनी १९६७ मध्ये मांडली. मेघाच्या सीमांमधल्या प्रत्येक नोंदीतील सदिशाला त्याच्या तीव्रतेने भागा, म्हणजे फक्त दिशा उरते. तीव्रतेचा चढउतार आत ठेवला तर तो अक्षाला ओढतो. मग तीन घटकांचे तीन बाय तीन सहविचरण मॅट्रिक्स बांधा आणि त्याची आयगेनमूल्ये काढा. पायथनच्या नमपाय या गणिती पॅकेजचे आयजी (eig) फल नव्हे, सममित मॅट्रिक्ससाठी असलेले आयजीएच (eigh) फल वापरा. ते मूल्ये लहानापासून मोठ्याकडे देते आणि सदिश स्तंभांत असतात, ओळींत नव्हे.

यान दोराच्या मध्याजवळून गेले असेल तर सर्वांत मोठ्या विचरणाची दिशा ही फिरणाऱ्या घटकाची असते, कारण तो एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत उणेपासून अधिकपर्यंत जातो. मधल्या विचरणाची दिशा म्हणजे अक्ष. तिच्यावरचा घटक काठाला लहान, मध्यावर सर्वांत मोठा. सर्वांत लहान विचरण उरलेल्या दिशेला. मधले मूल्य सर्वांत लहानाच्या किमान दुप्पट नसेल तर या दोन दिशा एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि तो अक्ष टाकून द्यावा.

आयगेनसदिशाला बाजू नसते, तो दोन्हीकडे सारखाच. म्हणून मेघातले सरासरी क्षेत्र त्यावर प्रक्षेपित करा आणि उत्तर धन येईल ती बाजू निवडा. यान मध्यापासून जितके लांबून गेले तितका हा अक्ष बिघडतो. म्हणून याला अंतिम उत्तर मानू नका, पुढच्या जुळवणीची सुरुवात माना.

पाचवी पायरी: उजवा की डावा

आता मुख्य प्रश्न. दोर सूर्यापासून दूर जातो, म्हणजे यान दोराच्या दृष्टीने सूर्याच्या दिशेने सरकते. आत शिरताना ते सूर्यापासून दूरच्या काठावर असते, बाहेर पडताना सूर्याकडच्या काठावर. जीएसईमध्ये बाहेर पडतानाची त्रिज्य दिशा म्हणजे अधिक एक्स. तेव्हा अक्षाचा सदिश आणि एक्सचा एकक सदिश यांचा सदिश गुणाकार याच क्रमाने घ्या आणि मेघाच्या शेवटच्या तृतीयांशातले सरासरी क्षेत्र त्यावर प्रक्षेपित करा. धन आले तर पीळ उजवा, ऋण आले तर डावा. पहिल्या तृतीयांशात बरोबर उलटे चिन्ह यायला हवे. दोन्हीकडे एकच चिन्ह आले तर यान दोराच्या कडेने घासून गेले असावे किंवा हा दोरच नसावा.

हाताने ताळा करायचा असेल तर उजव्या हाताचा अंगठा अक्षीय क्षेत्राच्या दिशेने धरा. बोटे वळतात तसे क्षेत्र फिरत असेल तर दोर उजवा. आडव्या दोरात क्षेत्र आधी दक्षिणेला, मध्यावर पश्चिमेला, शेवटी उत्तरेला असेल तर उजवा पीळ. दक्षिण, पूर्व, उत्तर असा क्रम असेल तर डावा. आधी उत्तर असेल तर उत्तर-पूर्व-दक्षिण उजवा आणि उत्तर-पश्चिम-दक्षिण डावा. उभ्या दोरात पश्चिम-उत्तर-पूर्व आणि पूर्व-दक्षिण-पश्चिम हे उजवे, त्यांचे आरसे डावे.

पृथ्वीवर चुंबकीय वादळ केव्हा उठेल हे याच क्रमावर ठरते, कारण वादळाला दक्षिणमुखी क्षेत्र लागते. दक्षिणेपासून सुरू होणारा दोर आला की लगेच झोंबतो. उत्तरेपासून सुरू होणारा अर्धा दिवस शांत जाऊ देतो. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या एल-१ बिंदूवरून ४५० च्या वेगाने पृथ्वी गाठायला पंचावन्न मिनिटे लागतात, पण सूर्यावरच दोराची जात ओळखली तर इशारा काही दिवस आधी देता येईल. या विषयातली बरीच धडपड त्यासाठी चालली आहे.

सहावी पायरी: जाडी, प्रवाह, वेढे

वेग गुणिले काळ म्हणजे यानाने कापलेली जीवा. ४५० किलोमीटर आणि २४ तास धरले तर ३ कोटी ८९ लाख किलोमीटर, म्हणजे ०.२६ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). अक्ष सूर्यरेषेला काटकोनात असेल आणि यान मध्यातून गेले असेल तर त्रिज्या याच्या निम्मी, ०.१३. अक्ष कलता असेल तर जीवेला त्या कोनाच्या साइनने गुणा. आदर्श दोर नोंदींशी जुळवताना आधी फक्त दिशा जुळवाव्यात: अक्षाचे दोन कोन, मध्यापासूनचे अंतर आणि पिळाचे चिन्ह. तीव्रता सर्वांत शेवटी एका गुणकाने बसवावी. लेपिंग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हाच क्रम रूढ केला.

वरच्या दोराचा अक्षीय प्रवाह १० चा २१वा घात मॅक्सवेलच्या (चुंबकीय प्रवाहाच्या एककाच्या) आसपास येतो. दर लांबीमागची हेलिसिटी ०.७ गुणिले मध्यावरच्या तीव्रतेचा वर्ग गुणिले त्रिज्येचा घन. दोराची लांबी दोन खगोलीय एकके धरली तर सुमारे ६ गुणिले १० चा ४२वा घात मॅक्सवेल वर्ग. यातला अचूक अंक विसरा, फक्त घात लक्षात ठेवा. त्रिज्येचा घन आहे, त्यामुळे त्रिज्येत वीस टक्क्यांची चूक हेलिसिटीत सत्तर टक्के होऊन बसते. शिवाय सूर्याला टेकलेल्या पायांशी दोर इतका जाड नसतो आणि त्याची लांबी आपण मोजलेली नाही, मानलेली आहे.

वेढ्यांच्या बाबतीत तर प्रतिमानाची निवड उघडी पडते. लुंडक्विस्टच्या दोरात मध्यावर दर खगोलीय एककाला सुमारे दीड वेढा येतो, आणि काठावर अक्षीय घटक शून्य होत असल्याने वेढे अनंताकडे जातात. गोल्ड आणि हॉइल यांच्या १९६० च्या दोरात मात्र पीळ मध्यापासून काठापर्यंत सारखाच असतो. दोघेही त्याच विदेवर बऱ्यापैकी बसतात. स्वतंत्र पुरावा इलेक्ट्रॉनांकडून मिळतो: सूर्यावर स्फोट झाला आणि मेघाच्या आत असलेल्या यानाला त्यातले वेगवान इलेक्ट्रॉन किती उशिरा लागले हे पाहिले, तर क्षेत्ररेषेची लांबी निघते. रेषा जितकी लांब तितके वेढे जास्त. ऑक्टोबर १९९५ च्या मेघात वाइंडने हे करून दाखवले. सगळ्या मोजमापांत ही रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण त्यात दोराचा आकार मानावा लागत नाही.

गोल छेद मान्य नसेल तर ग्रॅड-शाफ्रानोव्ह पुनर्रचना आहे. तिच्यात दोर अक्षाच्या दिशेने एकसारखा आणि समतोलात आहे एवढेच धरतात आणि यानाच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना क्षेत्राचा नकाशा उभा करतात. तिचा आतला ताळा सुंदर आहे: आत जाताना आणि बाहेर येताना यान त्याच क्षेत्रपृष्ठांना पुन्हा छेदते, म्हणून अक्ष बरोबर असेल तर दाबाचे दोन्ही अर्धांचे आलेख एकमेकांवर बसतात. बसत नसतील तर अक्ष फिरवून बघा.

पुढच्या काठाचा वेग मागच्यापेक्षा जास्त दिसला तर दोर फुगतो आहे. मागचा भाग यानापर्यंत येईतो तो अधिक जुना आणि विरळ झालेला असतो, म्हणून तीव्रतेचे शिखर पुढे सरकलेले दिसते. हे पिळाचे लक्षण समजू नका.

खळबळीतला पीळ

दोर नसतानाही सौरवाऱ्यात पीळ असतोच, लहान-मोठ्या सर्व मापांवर विखुरलेला. मॅथ्यूस आणि गोल्डस्टाइन यांनी १९८२ मध्ये दाखवले की एका यानाच्या मालिकेतूनही त्याचा वर्णपट काढता येतो. सौरवारा आल्फव्हेन वेगाच्या कैक पट वेगाने धावतो, म्हणून यानाला दिसणारा काळातला बदल हा अवकाशातलाच बदल धरायचा. आरटीएनमधले टी आणि एन घटक घ्या, त्यांचा संयुक्त वर्णपट (क्रॉस-स्पेक्ट्रम) काढा आणि त्याचा काल्पनिक भाग दुप्पट करून तरंगांकाने (वेव्हनंबरने) भागा. या हेलिसिटीला तरंगांकाने गुणून त्याच तरंगांकावरच्या चुंबकीय ऊर्जेशी गुणोत्तर घेतले की उणे एक ते अधिक एक यांमधला आकडा मिळतो. शेजारच्या वारंवारतांवर सरासरी घेतल्याशिवाय त्याला अर्थ नाही; एकेका वारंवारतेवर तो नुसता उड्या मारतो. आणि फूरिये फलाच्या चिन्हाचा संकेत प्रत्येक पॅकेजचा वेगळा असू शकतो, म्हणून इथेही आधी एक कृत्रिम उजवी लहर घालून बघा. मेघाच्या आत हेच तरंगिका (वेव्हलेट) पद्धतीने केले तर कोणत्या वेळी, कोणत्या मापावर पीळ आहे हे नकाशावर दिसते.

सूर्याशी ताळा

सूर्याच्या उत्तर गोलार्धात डावा आणि दक्षिणेत उजवा पीळ जास्त आढळतो, आणि अकरा वर्षांचे चक्र पालटले तरी हा कल पालटत नाही. अपवाद पुष्कळ असतात, म्हणून केवळ गोलार्धावरून निकाल देऊ नका. स्फोटाच्या जागेवरची क्ष-किरणांतली किंवा अतिनील प्रकाशातली नागमोड बघा: सरळ एस आकार उजव्या पिळाचा, उलटा डाव्याचा. २०१० पासून एसडीओ यान सूर्याच्या पृष्ठभागावरचे सदिश क्षेत्रही मोजते आहे. वाटेत दोर कलतो, फुगतो, दुसऱ्याशी आदळून चेपतो, त्याचा अक्ष बराच फिरू शकतो. उजव्याचा डावा मात्र होत नाही. दोन्हीकडची चिन्हे जुळली नाहीत तर बहुधा स्फोट चुकीचा निवडला आहे किंवा गणितात चिन्ह चुकले आहे, आणि दोन्ही शक्यता पुन्हा तपासायला हव्यात.

सरावाला १०-११ जानेवारी १९९७ चा मेघ घ्या. वाइंडच्या नोंदीत त्याचे क्षेत्र दक्षिणेकडून उत्तरेकडे छान वळते, पुढे आघातलहर आहे आणि शेवटाला घनतेची प्रचंड उसळी आहे. सीमा तिच्या अलीकडे आखून एकदा आणि तिला आत घेऊन एकदा, असे दोनदा गणित करा आणि अक्ष किती हलला ते लिहून ठेवा. निकालाच्या वहीत सीमांच्या वेळा, आयगेनमूल्यांचे गुणोत्तर, अक्षव्यवस्था आणि वापरलेले प्रतिमान यांच्या नोंदी आकड्याच्या शेजारीच असू द्या.